राजा नुसता नावाला असेल तर काढायचा कशाला?

प्रश्न : माझा भाचा बरीच वर्षं टोरांटोला आहे, आता त्याला कॅनडाचं नागरिकत्व मिळालं. शपथेचा व्हिडिओ त्यानं घरच्या ग्रुपवर टाकला, त्यात तो हात वर करून राजे तिसरे चार्ल्स आणि त्यांच्या वारसांशी एकनिष्ठ राहीन असं म्हणतोय. मी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं, मला ते ऐकून कसंतरीच झालं. घरातली पोरं म्हणतात, तो राजा नुसता नावाला आहे, कशाला मनाला लावून घेताय. तर अशा देशांनी प्रजासत्ताक व्हावं की नको? आणि आपण प्रजासत्ताक झालो तरी राज्यपाल आहेतच की, मग फरक काय पडला?
— एक निवृत्त शिक्षक, निपाणी

उत्तर : गुरुजी, माझं मत विचाराल तर व्हावं. देशातलं सगळ्यात वरचं पद एकाच घरात जन्मणाऱ्या लेकरासाठी राखून ठेवायचं आणि बाकीच्यांच्या लेकरांना ते कधीच मिळणार नाही असं कायद्यातच लिहायचं, हे मला पटत नाही, मग राजा कितीही सज्जन असू दे. चार्ल्स आज ब्रिटन धरून १५ देशांचे राजे आहेत, त्यातल्या १४ देशांत ते राहतही नाहीत, तिथं त्यांच्या जागी गव्हर्नर जनरल असतो. आपलंही असंच होतं हे आता फार कुणाच्या लक्षात नसतं. १५ ऑगस्ट १९४७ ला आपण स्वतंत्र झालो खरं, पण २६ जानेवारी १९५० पर्यंत कागदोपत्री आपले राजे सहावे जॉर्जच होते, गव्हर्नर जनरल आधी माउंटबॅटन आणि मग राजगोपालाचारी. तेवढ्या काळात आपण घटना लिहून काढली आणि ते पद संपवलं. त्यासाठी कॉमनवेल्थ सोडावं लागलं नाही, एप्रिल १९४९ ला लंडनच्या बैठकीत ठरलं की प्रजासत्ताक होऊनही भारत आत राहू शकतो. आज कॉमनवेल्थमधले निम्म्याहून जास्त देश प्रजासत्ताक आहेत, ती वाट आपण पाडून दिली याचा मला फार अभिमान वाटतो.

आता पोरांचा मुद्दा, नुसता नावाला. यावर जरा सविस्तर बोलायला पाहिजे. १९७५ साली ऑस्ट्रेलियात गॉफ व्हिटलम पंतप्रधान होते, खालच्या सभागृहात त्यांचं बहुमत होतं, पण वरच्या सभागृहानं म्हणजे सेनेटनं खर्चाची मंजुरी अडवून धरलेली. ११ नोव्हेंबरला गव्हर्नर जनरल जॉन कर यांनी व्हिटलमना बडतर्फीचं पत्र हातात दिलं आणि विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर यांना काळजीवाहू पंतप्रधान केलं. त्याच दुपारी खालच्या सभागृहानं फ्रेझर यांच्यावर अविश्वासाचा ठराव पास केला, सभापतींना तो घेऊन कर यांना भेटायचं होतं, पण भेट मिळेपर्यंत संसद बरखास्त होऊन गेली होती. डिसेंबरात निवडणूक झाली त्यात व्हिटलम दणकून हरले, हेही सांगायला पाहिजे. पण लोकांनी हरवणं वेगळं आणि कुणीच न निवडलेल्या माणसानं राणीच्या वतीनं मिळालेला अधिकार वापरून बहुमतवाल्या पंतप्रधानाला घरी पाठवणं वेगळं की नाही? कर आणि राजवाड्यातला त्या काळातला पत्रव्यवहार लोकांना वाचायला मिळायला २०२० साल उजाडलं, तेही तिथल्या हायकोर्टात केस जिंकावी लागली तेव्हा. याला नावाला कसं म्हणायचं?

आणि आता राज्यपाल. गुरुजी, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय, आणि उदाहरण आपल्याच राज्यातलं, कर्नाटकातलं आहे. एप्रिल १९८९, एस. आर. बोम्मई मुख्यमंत्री, जनता दलाचं सरकार. काही आमदारांनी पाठिंबा काढल्याची पत्रं राज्यपालांकडे गेली, बोम्मई म्हणाले मला विधानसभेत बहुमत सिद्ध करू द्या, राज्यपालांनी ऐकलं नाही, दिल्लीला रिपोर्ट गेला आणि सरकार बरखास्त. म्हणजे जे व्हिटलम यांचं झालं जवळपास तेच, आणि आपल्याकडे तर राजा जाऊन ३९ वर्षं झालेली. इंग्रजांनी भारतासाठी केलेल्या १९३५ च्या कायद्यात प्रांताच्या गव्हर्नरला कारभार हातात घ्यायचा अधिकार देणारं ९३ वं कलम होतं, आपलं राष्ट्रपती राजवटीचं ३५६ वं कलम त्याच वळणाचं आहे. राजा गेला तरी त्याच्या माणसाचे अधिकार कागदावर राहून गेले होते. पण बोम्मईंना कोर्टात जायला वाट होती आणि ते गेले. ११ मार्च १९९४ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठानं सांगितलं की बहुमत राजभवनात ठरवायचं नाही, सभागृहात मोजायचं, आणि राष्ट्रपती राजवट लावली ती योग्य कारणानं लावली का हे कोर्ट तपासू शकतं. आज कुठल्याही राज्यात सरकार डळमळलं की टीव्हीवर फ्लोअर टेस्ट फ्लोअर टेस्ट चालू होतं ना, ते या केसमुळे. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधासमोरून जाताना मला दरवेळी ही केस आठवते. राज्यपालांबद्दलच्या तक्रारी संपल्या असं मी म्हणत नाही, पण त्यांच्या निर्णयाला आव्हान देता येतं आणि कोर्टानं आखलेली रेष सगळ्यांना माहिती आहे, फरक पडला तो हा.

म्हणून मला वाटतं ज्या देशाला राजा काढायचाय त्यानं आधी राष्ट्रप्रमुख काय करू शकतो आणि काय नाही हे एकेक ओळ लिहून घ्यावं. स्वीडनमध्ये राजा आहे अजून, पण १९७४ च्या घटनेनं त्याच्याकडे पंतप्रधान नेमायचाही अधिकार ठेवला नाही, ते काम संसदेचा सभापती बघतो. तिथं पोरांचं म्हणणं खरं ठरतं.

ऑस्ट्रेलियानं ६ नोव्हेंबर १९९९ ला सार्वमत घेतलं आणि सुमारे ५५ टक्के लोकांनी नको म्हटलं, सगळ्या राज्यांत नको. आता हे सगळे राणीचे भक्त होते का, तर नाही. प्रस्ताव असा होता की राष्ट्राध्यक्ष संसदेनं दोन तृतीयांश मतांनी नेमायचा, आणि बऱ्याच प्रजासत्ताकवाल्यांना तो थेट लोकांनी निवडलेला पाहिजे होता, ते म्हणाले पुढाऱ्यांनी आपसात ठरवलेला राष्ट्राध्यक्ष आम्हाला नको, आणि त्यांनीच विरोधात मत मागितलं. दोघांच्या भांडणात राणी राहिली. मला वाईट वाटतं त्याचं. आपल्याकडे खासदार आणि आमदार मिळून राष्ट्रपती निवडतात, ती पद्धत चाललीय की इतकी वर्षं.

बार्बाडोसनं उलटं केलं, सार्वमत घेतलंच नाही, संसदेतच घटनादुरुस्ती केली आणि ३० नोव्हेंबर २०२१ ला तिथल्या गव्हर्नर जनरल सँड्रा मेसन याच पहिल्या राष्ट्राध्यक्ष झाल्या, समारंभाला चार्ल्स स्वतः हजर होते. काम सुरळीत झालं, कुठं दंगा नाही काही नाही, तरी मला ते खटकतं. लोकांना न विचारता कागदावर रेघ मारली की पुढं पिढ्यान् पिढ्या काय सोसावं लागतं हे सीमाभागात कुणाला समजावून सांगायची गरज नाही, १९५६ पासून आपण आम्हाला विचारा म्हणूनच भांडतोय. एवढ्या मोठ्या गोष्टीला लोकांचं मत घ्यायलाच पाहिजे, हरलो तरी चालेल, परत मागता येतं.

नेपाळचं थोडक्यात सांगते. राजा ज्ञानेंद्र यांनी २००५ ला सगळी सत्ता स्वतःकडे घेतली, पुढच्या वर्षी जनआंदोलन झालं आणि २८ मे २००८ ला संविधान सभेत फक्त ४ मतं राजाच्या बाजूनं पडली. त्यानंतर सरकारं टिकेनात, म्हणून २०२५ मध्ये राजा परत आणा असे मोर्चेही काठमांडूत निघाले. लोकांचा राग मला समजतो, पण सरकार टिकत नाही यावर राजा हा इलाज कसा, ज्यानं सरकारच बाजूला सारलं होतं.

तुमच्या भाच्याच्या देशात तर हे फारच अवघड आहे, १९८२ च्या घटनेप्रमाणे राजाचं पद बदलायचं तर संसदेची दोन्ही सभागृहं आणि दहाच्या दहा प्रांतांच्या विधानसभा तयार पाहिजेत, एक प्रांत अडला की संपलं. पण भाच्याला सांगा जिवाला लावून घेऊ नको. या शपथेविरुद्ध काही लोक कोर्टात गेले होते, २०१४ ला ओंटारियोच्या अपील कोर्टानं शपथ कायम ठेवली, पण सांगितलं की ती एका माणसाच्या चाकरीची शपथ नाही, तिथल्या लोकशाही राज्यपद्धतीला दिलेला शब्द आहे, आणि शपथ घेऊनही राजेशाही नको असं उघड बोलायचा हक्क राहतो. तर त्यानं तो वापरावा. मतदान करावं आणि तिथल्या आमदार-खासदारांना हा प्रश्न विचारत राहावं.

प्रश्न : आम्ही शिवरायांना राजा मानतो, कोल्हापूरच्या गादीला मान देतो. मग राजेशाही नको म्हणणं हा आपल्याच राजांचा अपमान नाही का?
— एक वाचक भगिनी, खानापूर

उत्तर : नाही ताई, अजिबात नाही. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासलेल्या समाजांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्यांच्याबद्दल माझ्या मनात जेवढा आदर आहे तेवढा क्वचित कुणाबद्दल असेल. औंधच्या पंतप्रतिनिधींनी तर १९३९ मध्ये आपणहून कारभार प्रजेच्या हातात दिला. पण शेजारच्या संस्थानात तसाच राजा निघेल याची खात्री कुठं होती? आपल्या भागात तर एकेक गाव एकेकाच्या ताब्यात होतं, बेळगाव इंग्रजांचं, त्याला चिकटलेलं शहापूर सांगलीच्या पटवर्धनांचं, रामदुर्गला वेगळे राजे. शहापुरात जन्मलात तर एक कायदा आणि बेळगावात जन्मलात तर दुसरा, आणि राजा कसा निघतो ते प्रजेच्या नशिबावर. चांगल्या राजांचं काम आपण सांभाळायचं, ते नशिबावर सोडायचं नाही.

आणि गादीचा मान कुठं गेलाय? कोल्हापूरचे शाहू छत्रपती २०२४ ला लोकसभेला उभे राहिले, मतं मागितली आणि निवडून आले. खानापूरशेजारचा चंदगड त्याच मतदारसंघात येतो, तुमचे पै-पाहुणे असतीलच तिकडे, त्यांनीही बटण दाबलं असेल, कुणी त्यांच्या बाजूनं, कुणी विरोधात.