छोट्या शिडाच्या बोटीने महासागर ओलांडायला बोट बनवणारेच का नको म्हणतात?

कारण बोट कुठे दगा देईल, हे त्यांनाच नेमकं ठाऊक असतं. युरोपीय नियमांतली ‘सी’ श्रेणीची बोट किनाऱ्यालगतच्या पाण्यासाठी, साधारण २ मीटर लाटांच्या हिशोबाने बनते. त्यात महिनाभराचं पाणी आणि शिधा भरला की ती खोल बसते, सुकाणूच्या बिजागऱ्यांवर रात्रंदिवस ताण येतो. रविवारच्या फेरीत हे जाणवतही नाही. बाजूने येणारी मोठी लाट बोटीवर फुटली तर बोट उलटूही शकते.

१९६५ मध्ये रॉबर्ट मॅन्री हा अमेरिकन माणूस साडेतेरा फुटी बोटीतून ७८ दिवसांत अटलांटिक पार गेला, खरंय. पण वाटेत तो अनेकदा पाण्यात फेकला गेला. कमरेला दोर होता म्हणून वाचला. आणि हो, अपघात झाला की बोट बनवणाऱ्याचंच नाव खराब होतं, तीही भीती असतेच.