चौपदरीकरणाची नोटीस आलीय? दराच्या आधी रस्ता कुठून ओलांडणार ते बोला

दादा, तुम्ही विचारलंय की गावातून हायवेचं चौपदरीकरण येतंय, पेपरात ३ए ची, म्हणजे रस्त्यासाठी जमीन घेणार असल्याची, नोटीस आलीय, आता गावाने हरकत घ्यायची की गप्प बसून पैसे घ्यायचे. मी मुंबई-गोवा हायवेच्या कडेच्याच गावातला, आमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तारीख बघा. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ प्रमाणे कलम ३ए ची अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून हरकतीला फक्त २१ दिवस मिळतात. राजपत्रातली तारीख धरा, पेपर हातात पडला ती नको. हरकत लेखी द्यायची, कारणं लिहून, सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा प्रांत. सुनावणीला स्वतः बोलता येतं, वकीलही नेता येतो. पुढे कलम ३डी ची अधिसूचना निघाली की जमीन सरकारजमा, मग फक्त मोबदल्याचं भांडण उरतं.

आता आमचं काय चुकलं ते सांगतो. शाळेत मीटिंग झाली, अख्खा गाव आला, आणि दोन तास सगळे फक्त दरावर बोलले. गुंठ्याला किती, आंब्याच्या कलमाला किती. दर महत्त्वाचा आहेच, पण तो ठरतो पुढे, कलम ३जी खाली मोबदला काढताना, आणि तिथे पटलं नाही तर लवादाकडे जाता येतं. त्या दिवशी जे बोलायला हवं होतं ते कोणीच बोललं नाही, की शाळा रस्त्याच्या पलीकडे आहे मग पोरं जाणार कुठून? आज मधे दुभाजक आहे, पोरं दोन किलोमीटर वळसा घालतात नाहीतर सरळ दुभाजकावरून उड्या मारतात, बघताना पोटात गोळा येतो. पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, जुनी दगडी मोरी होती तिथे पाइप टाकला, पहिल्याच पावसात पाणी तुंबून लावलेलं भात कुजलं. तक्रार केली तर उत्तर मिळालं, ड्रॉइंग मंजूर आहे.

म्हणून सांगतो, आधी आपल्या गावापुरत्या प्लॅनच्या शीट मागून घ्या, नाही दिल्या तर माहिती अधिकारात अर्ज टाका पण त्याला ३० दिवस लागू शकतात तेव्हा हरकत त्याच्यासाठी थांबवू नका. शीट मिळाली की ती घेऊन रस्त्याच्या कडेने चाला. बरोबर गुरं नेणारा माणूस घ्या, एखादा म्हातारा शेतकरी घ्या जो सांगेल २०२१ च्या जुलैत पाणी कुठवर आलेलं, आणि बायकांना तर घ्याच, कारण विहिरीला, रेशनला, दवाखान्यात रोज रस्ता ओलांडणाऱ्या त्याच असतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूदच आहे, तिथे हा विषय ठेवा. मग ग्रामसभेचा ठराव करा, आणि त्यात "योग्य सोय करावी" असलं मोघम काही नको. अमुक चेनेजला (म्हणजे प्लॅनवर रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतराला) रस्त्याखालून बोगदा हवा, पेंढ्याने भरलेला टेम्पो जाईल एवढ्या उंचीचा. अमुक चेनेजला पाइप नको, स्लॅबची मोरी हवी. सर्व्हिस रोड इथून इथपर्यंत. चेनेज लिहिलं की रस्त्याचं ड्रॉइंग करणाऱ्या कन्सल्टंटला ते टाळणं अवघड जातं, नुसतं "आमच्या वाडीजवळ" लिहिलं तर कागद फाईलीत पडून राहतो. प्रत्येक कागदाच्या पोचप्रतीवर आवक नंबर घ्या.

पर्यावरणाच्या जनसुनावणीत बोलू असं म्हणून थांबू नका. २०१३ पासून १०० किमीपर्यंतच्या राष्ट्रीय महामार्ग रुंदीकरणाला पर्यावरण मंजुरीच लागत नाही, त्यामुळे ती सुनावणी कदाचित होणारच नाही. झालीच तर ती प्रदूषण मंडळ घेतं, ३० दिवस आधी नोटीस निघते, कलेक्टर किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात, आणि शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवावं लागतं. ते वाचून होईपर्यंत उठू नका, तुमचा मुद्दा त्यात आला नसेल तर तिथेच उभं राहून सांगा.

एक अजून. रस्ताच नको म्हणणारे आणि लवकर व्हावा म्हणणारे दोन्ही गट तुमच्या गावात असतील, आमच्याकडे ते एकमेकांशी बोलेनासे झाले. बोगदा आणि मोरी दोघांनाही लागते, निदान त्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या.

हरकतीचा मसुदा तयार झाला की गट नंबर झाकून इथे टाका, मी रात्री बसून बघतो. नोटिशीची तारीख तेवढी आजच कळवा.