भट्टीच्या मफलसाठी इन्कोनेल ६००, ६२५ की ७१८?

९५० अंश सेल्सिअसवर चालणाऱ्या तुमच्या भट्टीतील ३१६ स्टेनलेसच्या मफलचे (माल ज्वाळेपासून किंवा हीटरपासून वेगळा ठेवणाऱ्या आतल्या पेटीचे) पापुद्रे सुटतात, तर त्याऐवजी इन्कोनेल (निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू) घ्यावे का आणि तीन ग्रेडपैकी कोणते, असा तुमचा प्रश्न आहे. घ्यावे; मात्र आकडा मोठा तितका माल सरस, हा समज आधी सोडावा लागेल.

नुसत्या उष्णतेशी गाठ असेल तर ६०० पुरेसे आहे. त्यात किमान ७२ टक्के निकेल आणि सुमारे १५ टक्के क्रोमियम असते. क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर पृष्ठभागाला घट्ट धरून राहतो आणि भट्टी रोज तापून थंड झाली तरी सहजी सुटत नाही. ६२५ मध्ये सुमारे ९ टक्के मॉलिब्डेनम घातलेले असते ते मुख्यतः समुद्राच्या पाण्यातील व रसायनांतील क्लोराइडला तोंड देण्यासाठी. कोरड्या भट्टीत त्याचे पैसे वाया जातात. ७१८ तर तुमच्या कामाचेच नाही. त्याची ताकद एजिंगमध्ये (ठरावीक तापमानाला बराच वेळ तापवून ठेवण्याच्या प्रक्रियेत) तयार होणाऱ्या निकेल-नायोबियमच्या अतिसूक्ष्म कणांमुळे असते, आणि साधारण ६५० अंशांच्या पुढे दीर्घकाळ ठेवल्यास ते कण जाड होऊन ती ताकद ओसरते. जेट इंजिनाच्या डिस्कसाठी ते उत्तम, मफलसाठी नव्हे.

निकेलचा खरा शत्रू गंधक. दोहोंचे मिश्रण साधारण ६४५ अंशांनाच वितळते आणि धातूच्या कणांच्या सीमांमधून आत शिरते. मी फॅब्रिकेशनमध्ये असताना एका नव्या मफलवर गंधक असलेल्या मार्किंग क्रेयॉनने (खुणा करण्याच्या खडूने) लिहिलेला जॉब नंबर पुसायचा राहून गेला होता. पहिल्याच तापवणीनंतर बारीक भेगा पडल्या, त्या नेमक्या त्या आकड्यांवर. तेव्हापासून वेल्डिंग किंवा हीट ट्रीटमेंटपूर्वी ग्रीस, कटिंग ऑइल आणि खुणा सॉल्व्हंटने पुसून घेतल्याशिवाय मी काम पुढे जाऊ देत नसे.

मशिनिंग करणार असाल तर टर्नरला एवढेच सांगा की फीड (टूलची पुढे सरकण्याची गती) मध्येच थांबवू नका. टूल जागच्या जागी घासले की तेथील कातडी कडक होते आणि पुढचा इन्सर्ट (टूलचे बदलता येणारे कापणारे टोक) तिच्यावरच मोडतो.

भट्टी विजेची की फर्नेस ऑइलची, हे तुम्ही लिहिलेले नाही. गंधकयुक्त धूर मफलला थेट लागत असेल, तर ६०० ऐवजी २५ टक्के क्रोमियमच्या ३१० स्टेनलेसचा विचार आधी करा.