जुन्या घराखालचे विटांचे खांब अजून भार घेऊ शकतात का, हे कसं बघायचं?

तुम्ही विचारलंय की पुण्यात नारायण पेठेतल्या आजोबांच्या घराच्या जोत्याखाली कमरेएवढे विटांचे खांब आहेत, त्यांच्यावर तळमजल्याच्या तुळया टेकल्यात, खाली लाल भुगा पडतोय आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय सगळ्यांना सिमेंटचा गिलावा मारून टाकू. प्लीज आत्ता गिलावा मारू देऊ नका. मी पेठांमधल्या जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं बघतो आणि चांगले खांब याच घाईपायी वाया गेलेले बघून खरंच वाईट वाटतं. जुनं बांधकाम चुन्यातलं असतं, विटेत चढलेली ओल चुन्याच्या सांध्यांमधून बाहेर पडते, वरून सिमेंट थापलं की ती वाट बंद होते, मग पाणी आतच राहतं, क्षार विटेत साठतात आणि वीट आतून पापुद्रे सोडायला लागते. एका घरात असाच गिलावा केलेला खांब बाहेरून अगदी गुळगुळीत होता, हातोडीच्या दांड्याने ठोकला तर बद्द आवाज, आणि एक पोपडा काढला तर मागची वीट बोटाने उकरता येत होती.

आधी खाली उतरा, एकटे नको, सोबत कोणीतरी असू दे आणि ओलीत लोंबणाऱ्या वायरी असतील तर मेन स्विच बंद करूनच जा. एक चांगला टॉर्च, एक जाड खिळा आणि खांब सरळ उभा आहे का ते बघायला ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) एवढं पुरतं. खिळा विटेत नाही, सांध्यात दाबा. अर्धा सेंटीमीटर जाऊन अडला तर ठीक, सांधे नव्याने भरून काम भागतं. पण बोटभर आत गेला आणि ओढल्यावर ओली माती निघाली तर ते चुन्यातलं काम नाहीच, मातीतलं आहे, आणि अशा खांबाला पाणी अजिबात सोसत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधली मातीत बांधलेली किती घरं भिजून बसली ते जुन्या माणसांना विचारा. तुमच्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं आणि नंतर घराचा कुठला भाग परत बांधला हेही विचाराच, कारण एकाच घरात दोन काळातले खांब असले तर ते वेगवेगळे बसतात.

भेगांचं बघायचं ते असं. सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी गेलेली भेग म्हणजे खालची जमीन कुठेतरी बसलीये, ती पन्नास वर्षांपूर्वीची पण असू शकते. आत जुनी धूळ, जाळी, चुन्याचा रंग दिसला तर बहुतेक जुनी, कडा ताज्या लालभडक असतील तर सध्याची. खात्री नसेल तर भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने घट्ट चिकटवा, तारीख लिहा आणि एक पावसाळा जाऊ द्या, काच तडकली तर हालचाल चालू आहे. मात्र खांबाला वरून खाली, विटा फोडत गेलेली उभी चीर असेल किंवा मध्ये पोट आलं असेल तर काचबिच काही नको, तो खांब भाराखाली चिरडतोय, त्याच दिवशी तुळईला टेकू द्या आणि वरच्या खोलीत कोणाला झोपू देऊ नका.

खांबाच्या माथ्यावर तुळईचं टोक पण टोचून बघा, पुष्कळदा वीट शाबूत असते आणि लाकूडच वाळवीने पोकळ झालेलं असतं.

आता खरा प्रश्न पाण्याचा. एप्रिल-मे मध्येही खांब ओला असेल तर तो पाऊस नाही, बहुतेक नळ किंवा ड्रेनेज आहे. रात्री सगळे नळ बंद करून मीटर बघा, काटा फिरत असेल तर उत्तर मिळालं. ड्रेनेजचे जुने चिनी मातीचे पाइप सांध्यांतून गळतात, ते मीटरवर कळणार नाही, चेंबरच्या सगळ्यात जवळचा खांब जास्त कुजलाय का ते बघा. गळती थांबवल्याशिवाय खांबाला हात लावू नका, नुसता पैसा जाईल.

पाया बघायला उन्हाळ्यात एकाच खांबाशेजारी, एकाच बाजूने खड्डा घ्या आणि खांबाच्या तळाच्या खाली जाऊ नका. खाली मुरूम लागला तर बरंच, काळी माती लागली तर ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून पावसाचं पाणी घरापासून लांब नेणं हे पहिलं काम. खड्डा बघून झाला की लगेच माती धुम्मस करून (ठोकून घट्ट दाबून) बुजवा, त्यानंतरच दुसरा.

हे सगळं फोटोसकट लिहून ठेवा आणि जुन्या चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. विटा बदलायच्या असतील तर आधी टेकू, मग एका वेळी दोन-चारच विटा, त्याही चुन्यात. सगळा खांब एकदम उतरवू म्हणणाऱ्या गवंड्याला काम देऊ नका. आणि महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, तशी आली असेल तर इंजिनिअरला पहिल्याच दिवशी ती दाखवा.