पीएच.डी. सोलापुरातच कर

प्रश्न : मॅडम, मी राज्यशास्त्रात एम.ए. केलंय. मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुराचा मतदारांवर काय परिणाम होतो, यावर पीएच.डी. करायची आहे. ओळखीचे म्हणतात, असले विषय दिल्लीला, नाहीतर परदेशात. आणि घरचे विचारतात, पुढे नोकरीचं काय? — एक विद्यार्थिनी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : अगं, हा विषय आपल्या जिल्ह्याच्या जिव्हारी लागलेला आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या, मोबाईलवर फिरणाऱ्या अफवेवरून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी ते, त्यातले बहुतेक जण आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. देशात इतरत्रही असे बळी जात होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आणली. पण लोकांना ती अफवा खरी का वाटली? ते माणसांजवळ बसल्याशिवाय कळत नाही.

दिल्ली-परदेशातल्यांचीही अडचण आहेच. फेसबुकवरचा मजकूर धुंडाळण्याचं क्राउडटँगल हे साधन फेसबुकच्याच मेटा कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केलं, आणि व्हॉट्सॲपचे खासगी मेसेज बाहेरून कुणालाच वाचता येत नाहीत. तुला मात्र सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांत जाता येतं. तिथे सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका मी पाहिल्यात. हात पानांत गुंतलेले, फोन भिंतीला टेकवलेला. एकीच्या फोनवरचा तेलुगू व्हिडिओ चौघी ऐकतात आणि दुसरी शेजारणीला मराठीत सांगते. फॉरवर्ड एकच, ऐकणाऱ्या पाच. हे कुठल्याही आकडेवारीत येत नाही. उर्दू-कन्नड बोलणाऱ्या घरांतही जा. फक्त नाव लपवून कुणाच्या ग्रुपमध्ये शिरू नकोस. परवानगी घे, नंबर आणि नावं वहीतसुद्धा लिहू नकोस.

आता नोकरी. प्राध्यापकभरती रेंगाळते, ते घरच्यांपासून लपवू नकोस. आधी नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा दे. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, त्यात तुझा फिरण्याचा खर्च निघेल. राज्याची तशीच परीक्षा सेट, तीही सोडू नकोस. गाइड निवडताना मोठ्या नावापेक्षा, तुझ्यासोबत वस्तीत यायला कोण तयार आहे ते बघ. आणि ‘सोशल मीडिया आणि लोकशाही’ असा अवाढव्य विषय नोंदवू नकोस. एक प्रभाग, एक निवडणूक, तीन-चार भाषा, एवढं पुरे.