एमआरआय मशीनजवळ गरगरणं आणि जिभेवर धातूची चव: भास की खरं?

आईला एमआरआयसाठी झोपवताना तुम्ही तिची उशी सरळ करायला मशीनच्या तोंडाशी वाकलात, तेवढ्यात गरगरलं आणि जिभेवर लोखंडासारखी चव आली. मशीन तर सुरूही झालं नव्हतं, मग हा मनाचा खेळ का, असं तुम्ही विचारलंय.

मनाचा खेळ नाही. मी बारा वर्षं एमआरआय टेक्निशियन आहे. कॉइल (स्कॅनचे सिग्नल टिपणारं, पेशंटच्या अंगाजवळ लावायचं उपकरण) बसवायला झपकन आत डोकं घातलं की मलाही जत्रेतल्या पाळण्यातून उतरल्यासारखं होतं. आणि ती चव? लहानपणी सेलला जीभ लावून बघायचो ना, थेट तशी.

स्कॅन चालू नसला तरी चुंबक चालूच असतो, रात्रंदिवस. आमचं मशीन ३ टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या पन्नास हजार पटींच्या आसपास. त्यातही बोगद्याच्या तोंडाशी हे क्षेत्र एकदम चढतं, आणि तुम्ही वाकलात नेमके तिथेच. अशा जागी शरीर हललं की सायकलच्या डायनॅमोसारखे बारीक विद्युतप्रवाह शरीरात निर्माण होतात. चवीचं कारण हेच मानतात. हालचाल जितकी झटक्यात, तितका प्रवाह जास्त. म्हणून नव्या पोरांना मी आधी हेच बजावते: इथे घाई नाही!

गरगरण्याची गोष्ट मात्र याहून मजेदार आहे, कारण ते निश्चल पडून राहिलं तरी होतं. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या नलिकांमधल्या द्रवातून मुळातच विद्युतभारित कणांचा प्रवाह चालू असतो. चुंबक त्या प्रवाहाला बाजूला ढकलतो, त्यासोबत द्रवही रेटला जातो आणि मेंदूला वाटतं, डोकं फिरतंय. २०११ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ७ टेस्लाच्या मशीनमध्ये अंधारात लोकांचे डोळे टिपले. निरोगी माणसांची बुबुळं आपोआप सरकत होती. ज्यांच्या आतल्या कानाची तोल सांभाळण्याची यंत्रणाच निकामी होती, त्यांची मात्र हलली नाहीत.

बाहेर येताना कधीकधी उलट्या दिशेने फिरल्यासारखं वाटतं, तेही यातलंच. म्हणून टेबल बाहेर आलं की मी पेशंटला पाय खाली सोडून दोन मिनिटं बसवते, मगच उठू देते. आईंनाही तसंच बसवा. दुसऱ्या दिवशीही गरगरत राहिलं, तर मशीनवर खापर न फोडता कानाच्या डॉक्टरांकडे जा.