म्युनिकला उतरल्यावर आधी काय?

प्रश्न : मुलगा नोकरीसाठी म्युनिकला निघालाय. तिथे गेल्यावर आधी कुठलं काम उरकावं? (एक आई, सांगली)

उत्तर : पत्त्याची नोंद. राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत 'आनमेल्डुंग' करायची असते. त्याला घरमालकाने भरून दिलेला वेगळा फॉर्म लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. तेव्हा घर ठरवतानाच विचारून घ्यावं. काही मालक टाळाटाळ करतात; तसली खोली कितीही स्वस्त असो, सोडून द्यावी. नोंद झाली की कर क्रमांक पोस्टाने येतो, आणि इथला पोस्टमन फ्लॅट नंबर नाही, पेटीवरचं आडनाव बघतो. तेव्हा टपालपेटीवर आडनाव लगेच लावावं; मी तर ते बॉलपेनने लिहून चिकटपट्टीच लावली होती. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचंही पत्र येईल : घरटी महिना १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी! आणि हो, कुकर देणार असाल तर इंडक्शनवर चालणारा द्या.